जीएम बियाणं आणि जीएम अन्न : तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं घर. शिक्षण शेतकीचं, राहणं पुण्यात. त्यामुळे मे महिना लागला की माहेरकडून बियाण्याचे फोन सुरू होतात आणि इथल्या शेजारणी वर्षभर तेल, पपई, सोयाबीन वड्या यांबद्दल विचारत राहतात. दोन्हीकडची काळजी खरी आहे, पण उत्तरं वेगवेगळी आहेत. तेच तेच प्रश्न येत असल्याने उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जीएम म्हणजे नेमकं काय? हायब्रीड म्हणजेच जीएम ना?

नाही. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. हायब्रीड म्हणजे संकरित : एकाच पिकाच्या दोन वाणांचा, फुलातले परागकण हाताने किंवा नैसर्गिक मार्गाने जुळवून केलेला संकर. जीएम म्हणजे जनुकीय सुधारित : प्रयोगशाळेत एखादं ठरावीक जनुक पिकात बसवायचं, आणि हे जनुक बहुधा दुसऱ्याच सजीवाचं असतं. बोंडअळी मरावी म्हणून बीटी कापसात घातलेलं जनुक मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचं आहे. त्याच्या नावाची आद्याक्षरं घेऊनच ‘बीटी’ झालं. एकच बियाणं हायब्रीडही असू शकतं आणि जीएमही. आपल्याकडे मिळणारं जवळजवळ सगळं बीटी कापसाचं बियाणं तसंच आहे, आणि पुढच्या कितीतरी अडचणींचं मूळ या जोडीत आहे (प्रश्न ८ पाहा).

२. मग बिनबियांची द्राक्षं, तैवान पपई, स्वीट कॉर्न, महिनाभर टिकणारे टोमॅटो?

आपल्या बाजारात मिळणारं यातलं काहीही जीएम नाही. नाशिक-सांगलीची थॉम्पसन सीडलेस द्राक्षं ही जुनी बिनबियांची जात आहे, ती कलमांनी वाढवतात. तैवान पपई संकरित आहे, स्वीट कॉर्न आणि टिकाऊ टोमॅटोही तसेच. अमेरिकेतल्या हवाईमध्ये विषाणूला दाद न देणारी जीएम पपई १९९८ पासून लावतात हे खरं. आपल्याकडे फिरणाऱ्या मेसेजांत तीच गोष्ट तैवान पपईच्या नावावर चिकटवलेली असते. फळावरच्या फवाऱ्याची, मेणाची, पिकवायच्या पावडरीची काळजी जरूर करा, पण तो जनुकाचा प्रश्न नाही.

३. भारतात कोणत्या जीएम पिकाला परवानगी आहे?

लागवडीसाठी व्यापारी परवानगी आहे ती फक्त कापसाला. मार्च २००२ मध्ये जीईएसी या केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने जालन्याच्या महिको आणि मोन्सँटो यांच्या बीटी कापसाला मान्यता दिली. त्यात एकच जनुक होतं. दोन जनुकांचं ‘बोलगार्ड दोन’, म्हणजे आपलं बीजी-टू, २००६ मध्ये आलं. वांगं अडलं (प्रश्न १३), मोहरी कोर्टात आहे (प्रश्न १४). तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला मान्यता नाही, दुकानदार काहीही सांगो (प्रश्न ११).

४. म्हणजे माझ्या ताटात जीएम काहीच येत नाही?

येतं. देशातला बहुतेक कापूस बीटी आहे, म्हणजे सरकीही बीटी. सरकीचं तेल थेट विकलं जातं, फरसाणवाल्यांकडे जातं, इतर तेलांत मिसळलंही जातं. दुसरं सोयाबीन तेल : ते अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून मोठ्या प्रमाणात येतं, आणि तिथलं सोयाबीन जीएम असतं. आपल्या लातूर-वाशिमचं सोयाबीन जीएम नाही. तिसरी वाट कोंबड्यांच्या खाद्याची. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा आपले सोयाबीन उत्पादक चिडले होते. त्यांचा राग भाव पडण्याचा होता आणि तो योग्य होता.

रिफाइंड तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. त्यात जनुक किंवा त्याने बनवलेलं प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून तेलाची मी स्वतः काळजी करत नाही. पण आपण काय खातो हे आपल्याला कुणीच सांगू नये, हे मला पटत नाही. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये.

५. जे खाऊन अळी मरते ते माणसाला कसं चालतं?

रास्त शंका आहे. बीटीचं प्रथिन अळीच्या पोटात विष ठरतं ते दोन कारणांनी : अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारे ग्राहक तिच्या आतड्याच्या पेशींवर असतात. तिथे चिकटून ते भोकं पाडतं, अळी खायचं थांबवते आणि मरते. आपलं जठर आम्लधर्मी आहे. तिथे हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं पचतं, आणि ते ग्राहकही आपल्याकडे नसतात. याच जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतकरीही अळीवर फवारतात.

पण म्हणून ‘जीएम सगळंच सुरक्षित’ असं म्हणू नका. प्रत्येक जनुक आणि प्रत्येक पीक वेगळं तपासावं लागतं. नव्वदच्या दशकात ब्राझील नट या फळातलं जनुक सोयाबीनमध्ये घातलं, तेव्हा त्या फळाची अॅलर्जी सोयाबीनमध्ये उतरल्याचं चाचणीत दिसलं आणि ते पीक बाजारात आलंच नाही. सन २००० मध्ये अमेरिकेत स्टारलिंक नावाचा मका, ज्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी होती, माणसांच्या खाण्यात सापडला आणि माल परत बोलवावा लागला. पहिल्या वेळी चाचणीने काम केलं, दुसऱ्या वेळी साठवण-वाहतुकीवरची देखरेख ढिली पडली. आपल्याकडे मला भीती दुसऱ्या प्रकाराची जास्त वाटते.

६. ट्यूमर आलेल्या उंदरांचे फोटो पाहिले. जीएमने कर्करोग होतो का?

ते फोटो २०१२ मधल्या एका फ्रेंच अभ्यासाचे. उंदरांची जी जात वापरली तिला वय झालं की आपोआप गाठी येतात, आणि प्रत्येक गटात उंदीर फार थोडे होते. २०१३ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. पुढे तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला, पण त्यातली अडचण तीच राहिली. मान्यता मिळून बाजारात असलेलं जीएम अन्न खाऊन कर्करोग होतो, याला भक्कम पुरावा नाही.

तणनाशकाचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाला (ते कुठे मारतात ते प्रश्न ११ मध्ये) ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपातल्या नियामकांनी तसं मानलं नाही. वाद मिटलेला नाही, आणि त्यात पहिला धोका फवारणाऱ्याला आहे.

६ (अ). बीटी सरकीची ढेप खाल्लेल्या म्हशीचं दूध मुलांना द्यावं का?

द्या. बीटीचं प्रथिन जनावराच्या पोटात पचतं. ढेपेत जपायचं ते गॉसिपॉलला. हे विषारी द्रव्य कापसाच्या झाडात मुळातच असतं, देशी पऱ्हाटीतही. मोठी गाय-म्हैस रवंथ करताना ते बरंचसं निकामी करते, लहान वासराला ते जमत नाही. म्हणून वासरांना सरकी-ढेप घालू नका आणि बुरशी आलेली ढेप कुणालाच नको. माझी आजी हे बीटी यायच्या आधीपासून सांगायची.

७. पाकिटावर ‘जीएम’ लिहिणं बंधनकारक नाही का?

कागदावर आहे. १ जानेवारी २०१३ पासून वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमानुसार जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूला ‘जीएम’ अशी अक्षरं हवीत. तुम्ही किराणा दुकानात हे कधी पाहिलंय का? मी शोधून दमले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये आदेश काढला की २४ पिकांचा आयात माल जीएम नसल्याचं प्रमाणपत्र घेऊनच यावा, चुकून मिसळलेला अंश एक टक्क्यापर्यंत चालेल. जीएम अन्नाच्या स्वतंत्र नियमांचे मसुदे २०२१ आणि २०२२ मध्ये निघाले.

मी लेबल मागते ते खाणाऱ्याला निवडता यावं म्हणून. उपास सोडताना कुठलं तेल वापरायचं हे ज्या घरात विचारून ठरतं, त्या घराला हेही कळायला हवं.

८. बीटी आहे तर बोंडअळी येतेच कशी? कंपनीने फसवलं का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे. बीटी मुळात हिरव्या बोंडअळीसाठी आलं आणि तिच्यावर ते अजून बऱ्यापैकी चालतं. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम नाही, तसा दावाही नव्हता. राहिली गुलाबी बोंडअळी, आपल्याकडची शेंदरी. तिने आधी एका जनुकाला दाद देणं बंद केलं. गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत हे झाल्याचं २०१० मध्ये मोन्सँटोनेच मान्य केलं. पुढच्या काही वर्षांत बीजी-टूचं दुसरं जनुकही तिच्यापुढे हरलं. २०१७ चा हंगाम आठवा. बाहेरून बोंड हिरवंगार, टचटचीत. चाकूने कापलं की आत सरकीला चिकटलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान गुलाबी अळी, आणि रुई पिवळट, गाठाळलेली. भोक बाहेरून दिसतही नाही, कारण अळी बारीक असतानाच आत शिरते आणि मागे दार बुजतं.

असं का झालं? एक : आपण कापूस फार काळ उभा ठेवतो. पाणी असलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (वेचणी झालेल्या त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक), म्हणजे अळीला वर्षभर जेवण. दोन : कडेच्या बिगर-बीटी ओळी कुणी लावल्याच नाहीत (प्रश्न ९). तीन : आपलं बीटी हायब्रीडमध्ये आहे. संकरित झाडाच्या बोंडात तयार होणाऱ्या सरक्यांमध्ये जनुकं वाटली जातात. एका जनुकापुरतं बोललं तर चारांतल्या एका सरकीत ते नसतंच. गुलाबी अळी नेमकी सरकी खाते. एकाच बोंडात तिला थोडं विष, थोडं बिनविषाचं असं मिळत गेलं आणि ती त्यावर तयार झाली. जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ वाणांत (संकरित नसलेल्या, घरचं बी पुन्हा पेरता येईल अशा) दिलं, आपल्याकडे हायब्रीडमध्ये, कारण हायब्रीडचं बियाणं दरवर्षी विकता येतं. अमेरिकेने बीटी, कडेच्या ओळी आणि नपुंसक पतंग सोडणं असं सगळं मिळून वापरलं आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं तिथल्या कापसातून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. जनुक तेच, वापरायची पद्धत वेगळी. ‘फसवलं’ हा शब्द मी वापरणार नाही, पण या पद्धतीची किंमत कुणी मोजली ते आपल्याला माहीत आहे.

आता करायचं काय : जूनच्या पावसाआधी लागवड नको. फुलं लागायच्या सुमाराला हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करा, त्याआधी नाही. गुलाबासारखी मिटलेली फुलं दिसली तर त्या डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. आणि डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. हे शेवटचं सगळ्यात जड जातं, मला ठाऊक आहे. उभ्या पऱ्हाटीवर दोन क्विंटल दिसत असताना ती उपटायला हात धजत नाही.

९. बीटी बियाण्याच्या बॅगेत एक छोटं पाकीट यायचं, ते कशासाठी होतं?

४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी यायचं. ते कडेला लावलं की तिथे विष न खाल्लेल्या अळ्या वाढणार, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळणार आणि अळीची प्रतिकारशक्ती पातळ होत राहणार, असा हिशेब. आमच्या घरी ती पाकिटं माळ्यावर पडून राहायची. बाबा म्हणायचे, ‘अळीसाठी कोण पेरते?’ मी तेव्हा कॉलेजात हे शिकत होते आणि तरी घरी पटवू शकले नाही, याचं आजही वाईट वाटतं. दुकानदारानेही बाबांना कधी सांगितलं नाही. आता वेगळं पाकीट नसतं, बिगर-बीटी दाणे बॅगेतच मिसळून येतात. त्यामुळे शेतात चार झाडं जास्त किडली तर बियाणं बोगस आहे असं लगेच समजू नका.

१०. घरचं बियाणं ठेवलं तर उगवतच नाही म्हणे. हेच ते टर्मिनेटर का?

उगवतं. टर्मिनेटर, म्हणजे वांझ बी देणारं तंत्र, याचं पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत मिळालं होतं, पण तसं बियाणं जगात कुठेच बाजारात आलं नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात अशा तंत्राच्या वाणाला नोंदणीच मिळत नाही. त्याच कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

बीटीची सरकी ठेवून पेरली तर झाडं येतील, पण एक उंच, एक बुटकं, एकात जनुक आहे, एकात नाही. हा हायब्रीडचा गुण आहे. बियाणं घरचंच हवं असेल तर सरळ वाण शोधा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने रजत बीटी, सुरज बीटी असे सरळ बीटी वाण काढले आहेत. ते कृषी केंद्रात सहज मिळत नाहीत. संस्थेकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात हंगामाच्या आधीच चौकशी करा.

११. एचटीबीटी सगळेच लावतात. मी लावलं तर काय होईल?

या कापसावर ग्लायफोसेट मारलं तरी झाड मरत नाही, तण मरतं. निंदणाच्या मजुरीने माणूस मेटाकुटीला येतो, मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून लोक तिकडे वळतात. ही गरज खोटी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने उघडपणे हे बियाणं लावून सविनय कायदेभंग केला, त्यामागे हीच तक्रार होती.

पण हे समजून घ्या. याला मान्यता नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती, जनविश्वास कायद्याच्या बदलानंतर दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो. ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता चहाच्या मळ्यांपुरती आणि पीक नसलेल्या जागेपुरती होती, कापसाला कधीच नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं असा आदेश काढला. शिवाय पाकिटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या चुलतभावाने एका ओळखीच्याकडून बिनबिलाची चार पाकिटं घेतली. तणनाशक मारल्यावर आठवड्याने निम्मी पऱ्हाटी वाळली, कारण तेवढ्या दाण्यांत ते जनुकच नव्हतं. तो कुणाकडे गेला नाही. जाणार तरी काय घेऊन? आणि फवारा वाऱ्याने उडून शेजारच्या तुरीवर गेला तर भांडण धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, सुरू होतं.

मला विचाराल तर सरकारने याचा निकाल लावावा : नीट चाचण्या घेऊन परवानगी द्यावी किंवा पुरवठा मुळातून तोडावा. दरवर्षी शेतकऱ्याच्या बॅगा पकडायच्या आणि येणारी वाट मोकळी ठेवायची, हे बरोबर नाही.

१२. बीटीमुळे आत्महत्या वाढल्या की उत्पन्न वाढलं?

देशात रुईचं उत्पादन २००१-०२ मध्ये हेक्टरी साधारण ३०० किलो होतं, २००७-०८ पर्यंत ते ५५० च्या आसपास गेलं आणि अलीकडे साडेचारशेच्या खाली-वर घुटमळतंय. चढत्या काळात बीटीसोबत गुजरातेत पाणी वाढलं, खतं वाढली. आत्महत्या विदर्भात बीटीच्या आधीपासून होत्या. कोरडवाहू जमीन, सावकाराचं कर्ज, पडलेला भाव ही कारणं त्यामागे आहेत. त्या बियाण्यावर एकट्यावर टाकल्या की बाकीचे सगळे सुटतात. पण बियाण्याचं ओझंही खोटं नव्हतं : सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होतं. आता किंमत सरकार ठरवतं, २०२४ मध्ये बीजी-टू ८६४ रुपयांना होतं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, दोन-तीन औषधं एकत्र करून, तोंडाला फडकं बांधून फवारणारी ती माणसं होती. बीटीने फवारणी कमी होईल असं आम्हाला शिकवलं होतं, आणि काही वर्षं झालीही होती.

१३. बीटी वांग्यावर बंदी आहे का?

कायमची नाही, स्थगिती आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. वांग्याचे देशी प्रकार आपल्याकडे शेकड्यांनी आहेत, ते मिसळून जाण्याची भीती हा एक मोठा मुद्दा होता. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते लावत आहेत.

१४. जीएम मोहरी आणि नवीन जनुक-संपादित तांदूळ, दोन्ही एकच का?

नाही. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने केलेल्या डीएमएच-११ मोहरीत जिवाणूंची जनुकं आहेत, आणि त्यांतलं एक तणनाशक सहन करायला लावतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणात सोडायची मंजुरी मिळाली, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. मे २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे तांदूळ वेगळे : त्यांत भाताच्याच जनुकात बारीक बदल केला आहे, बाहेरचं काही घातलेलं नाही. अशा पिकांना २०२२ मध्ये केंद्राने जीएमच्या नियमांतून सूट दिली. सूट देताना लोकांना पुरेसं समजावून सांगितलं नाही, एवढी माझी तक्रार आहे.

१५. मुलगी अमेरिकेत असते. तिथे कसं ओळखायचं?

तिथला बहुतेक मका, सोयाबीन, कॅनोला आणि बीटची साखर जीएम पिकांची आहे. १ जानेवारी २०२२ पासून पाकिटावर ‘बायोइंजिनिअर्ड’ अशी खूण बंधनकारक आहे, पण ज्या शुद्ध तेलात-साखरेत जनुक सापडतच नाही त्याला तेव्हा सूट दिली होती. टाळायचंच असेल तर ‘ऑरगॅनिक’ प्रमाणित घ्यावं. युरोपात नियम कडक आहे, तिथे तेलावरही लिहावं लागतं.

१६. माझी शेती सेंद्रिय आहे आणि शेजारी बीटी आहे. प्रमाणपत्र जाईल का?

सेंद्रिय प्रमाणपत्रात जीएम बियाणं चालत नाही. तुम्ही लावलं नाही तरी मधमाश्यांनी थोडे परागकण येऊ शकतात. कापसात बहुतांश फलन त्याच फुलात होतं, म्हणून प्रमाण कमी असतं. धुऱ्यालगतच्या काही ओळींचा कापूस वेगळा वेचा आणि वेगळा विका, बियाण्यासाठी बोंडं शेताच्या मधूनच घ्या. खरी भेसळ मात्र बहुतेकदा जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करतात तिथे, होते. आपला कापूस जायच्या आधी यंत्र साफ करवून घ्या आणि तिथे स्वतः उभे राहा.

१७. बियाणं उगवलंच नाही. कुठे जाऊ?

तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते, तोवर शेत मोडू नका. सोबत पक्कं बिल लागेल, त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहिलेला हवा. रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर न पेरलेलं बी लागेल. पेरताना पिशवी वरून न फाडता खालून उसवा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. आमच्याकडे आई आता ही सगळी सामग्री एका डब्यात घालून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवते आणि कापूस विकून झाल्यावरच डबा खाली उतरवते.